ठार

त्याला सगळे ठार म्हणायचे. आधी ठार बहिरा म्हणायचे. मग बहिरा कधीतरी गळून पडला आणि नुसता ठार उरला. "ठारला सांग." "किल्ली ठारकडे दे." "ठार जेवला का रे?" जित्याजागत्या माणसाला ठार म्हणताना कुणाची जीभ अडखळत नव्हती.

कान त्याचे धबधब्यानं खाल्ले. तो तिथला राखणदार. प्रेक्षकांच्या कठड्याशेजारी, खडकाच्या आडोशाला त्याची पत्र्याची चौकी, आणि समोर कड्यावरून पाणी कोसळायचं ते असं की उभ्या माणसाच्या छातीत थरथर व्हायची. जन्मभर त्या आवाजात बसल्यावर दुसरं काय होणार होतं? खात्यानं तिथल्या सगळ्यांना संरक्षण दिलं होतं. नेच्यांना दिलं, शेवाळाला दिलं, पाण्यामागच्या कपारीत घरटी करणाऱ्या पाकोळ्यांना दिलं. फाटकावर पाटी होती की इथून दगड, पान, पीस काहीही नेऊ नये. कान नेऊ नयेत असं पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

पायऱ्यांवरचं बुळबुळीत तारेच्या ब्रशनं घासायचं, डोहातल्या बाटल्या जाळ्यानं काढायच्या, कुणी कठड्यावर चढलं की शिट्टी फुंकायची, ही त्याची कामं. शिट्टी वाजली की नाही हे तो समोरच्याच्या दचकण्यावरून ओळखायचा.

पण ठारकडं एक चीज होती आणि ती त्यानं कुणाला कळू दिली नव्हती. त्याला ओठ वाचता यायचे. लांबून, तिरके, ओले, हसते, कसलेही ओठ. माणसं कठड्याशी यायची आणि पाण्याच्या आवाजात आपलं कोण ऐकतंय म्हणून पोटातलं सगळं ओकायची. गोड हसत नवऱ्याला शिव्या देणाऱ्या बायका त्यानं पाहिल्या होत्या. आईला कुठं नेऊन ठेवायचं याचा सौदा करणारे भाऊ पाहिले होते, आणि आई तिथंच पाकोळ्या बघत उभी असायची. ठार चौकीत मख्ख बसून सगळं वाचायचा. त्याचा तेवढाच विरंगुळा. कळलं असतं तर लोकांनी तोंडं फिरवली असती. म्हणून तो घरीसुद्धा गप्प राहिला. घरचे त्याच्याशी हातवारे करायचे, नाहीतर कानात बोंबलायचे. बायकोला तेवढं माहीत होतं, आणि ती तर गेली.

घर म्हणजे फाटकाजवळच्या खात्याच्या दोन खोल्या. तिथं तो, मुलगा आणि सून. मुलगा खात्यात रोजंदारीवर, सून तिकिटाच्या खिडकीत, तीही रोजंदारीवर, आणि पोटुशी. सुनेवर त्याचा पहिल्यापासून दात होता. भाजीत मीठ जास्त पडलं तर ती मुद्दाम, कमी पडलं तरी मुद्दाम. मुलगा उलटून बोलला तर "हिनं भरवलं." एकदा त्यानं तिच्या देखत ताट सरकवून दिलं होतं आणि ती काही न बोलता फरशी पुसत बसली होती.

महिनाअखेर तो निवृत्त होणार होता. नवा राखणदार येणार, खोल्या सोडाव्या लागणार. खात्याचा नियम सरळ होता. माणूस निवृत्त झाला की सुटला. नोकरीत असताना मेला तर जागा मुलाला, खोल्याही मुलाला. असला नियम करणाऱ्यानं तो कुणाच्या घरात बसून केला होता कोण जाणे.

त्या संध्याकाळी फाटक बंद झाल्यावर मुलगा आणि सून कठड्याशी येऊन उभी राहिली. ठार चौकीत बुटाची नाडी सोडत होता. त्यानं सवयीनं वर पाहिलं.

मुलाचे ओठ हलत होते. "वरची जाळी तुंबलीय. उद्या त्याला उतरवतो."

"मग?" सून म्हणाली.

"मग काय मग? दोर माझ्याच हातात असतो."

ठार नाडी धरून तसाच बसला. वर, पाणी कड्यावरून सुटायच्या जरा आधी, प्रवाहात कमरेएवढी लोखंडी जाळी होती. पुरात आलेले ओंडके तिच्यात अडकायचे, नाहीतर खालच्या लोकांच्या डोक्यात पडले असते. ते काढायला एक जण कमरेला दोर बांधून पाण्यात उतरायचा, दुसरा खडकातल्या खुंट्याला दोराचे वेढे देऊन धरून ठेवायचा. उतरायचा ठार. धरायचा मुलगा.

सुनेनं कठडा घट्ट धरला. "वेड लागलंय का तुम्हाला? बाप आहे तो."

"बाप आहे तर बापासारखं काहीतरी देऊन जाऊ दे की! जन्मभर काय दिलं? कानात ओरडून ओरडून माझा घसा फाटला."

"मी नाही ऐकायची हे. भाड्यानं राहू, कुठंही राहू."

"कुठं राहशील? पाकोळीगत कपारीत? पोर काय शेवाळावर निजवशील?"

"आणि कळलं कुणाला तर?"

"जुना दोर, म्हातारा माणूस. खातं हार घालील त्याला. तू फक्त उद्या रडायचं."

मुलगा हसला. ते हसू ठारनं नीट पाहिलं. थेट ठारच्या स्वतःच्या तोंडावरचं हसू होतं. इतकी वर्षं ज्या सुनेला त्यानं घराची कीड म्हटलं ती नको नको म्हणत होती, आणि ज्याला खांद्यावर बसवून पाकोळ्या दाखवल्या तो दोराचं बोलत होता.

सकाळी मुलानं हातानं वर दाखवलं, मग ओंडका उचलल्याची खूण केली. ठारनं मान डोलावली. निघताना सून दारात आडवी आली. "आबा, आज नका जाऊ," ती म्हणाली. मग खुणा न करता नुसतं बोललो हे लक्षात येऊन दोन्ही हात जोरजोरात हलवायला लागली. मुलानं तिला दंडाला धरून बाजूला केलं. ठार तिच्याकडं बघून पुढं चालू लागला. तिला काहीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नाही, याचा विचार करायलाही तो थांबला नाही.

वर पोचल्यावर त्यानं दोर उलगडला आणि स्वतःच्या कमरेला बांधायचा तो मुलाच्या कमरेला बांधायला घेतला.

"मी?" मुलगा दचकला. "आबा, मी नाही, तुम्ही!"

"पाठ धरलीय माझी," ठार म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच वेडावाकडा, नको तिथं मोठा. "आज तू उतर. दोर धरायला हात आहेत अजून. का? दोर चांगला नाही का?"

मुलगा अडकला. नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. आणि या ठार बहिऱ्याला काय कळणार आहे, असंही त्याच्या मनात आलं असेल. तो उतरला.

पाणी मांडीपर्यंत होतं आणि ओढ अशी की उभं राहायलाच सगळी ताकद लागावी. मुलगा जाळीपर्यंत पोचला, ओंडक्याला हात घातला. तेव्हा ठारनं खुंट्यावरचा एक वेढा सोडला.

दोराला आलेली ढील मुलाला लगेच कळली. त्यानं वळून पाहिलं. ठार काहीतरी म्हणाला, पण त्या आवाजात मुलाला ओ की ठो ऐकू आलं नाही. आता तोच बहिरा होता. मग ठारनं खाली कठड्याकडं बोट दाखवलं. मग स्वतःच्या डोळ्याला लावलं. मग ओठांना.

मुलाचा चेहरा उतरला. इतकी वर्षं घरात, दारात, बापाच्या तोंडावर बोललेलं सगळं त्याला एकदम आठवलं असणार. तो बोंबलायला लागला. ठार वाचू लागला.

"आबा, ओढा! आबा, मी नाही! तिनं सांगितलं! तिच्याच डोक्यातलं आहे, आबा, मी नको म्हणत होतो! आईशपथ, आबा!"

खरं बोलला असता तर ठारनं काय केलं असतं? कदाचित ओढून घेऊन दोन ठेवून दिल्या असत्या. पण तो हे बोलला, आणि बायकोच्या वाटणीचं 'नको'सुद्धा स्वतःच्या नावावर करून बोलला. ठारनं मूठ सैल केली. किती सैल करायची हे त्यानं ठरवलं नव्हतं. दोर हातभर सरकला आणि हातांनी आपणहून पुन्हा पकडला. ते हात जन्मभर दोराला सरावलेले होते, नाहीतर मुलगा जाळीवरून थेट डोहात गेला असता. तेवढ्या हातभरात पाण्यानं त्याला उचलून जाळीवर आपटलं. मागून सुटलेला ओंडका आला आणि गुडघा मध्ये सापडला. मोडल्याचा आवाज दोघांनाही आला नाही. ठारनं फक्त तोंड पाहिलं.

मग त्यानं ओढून घेतलं.

दवाखान्यात मुलानं सांगितलं, दोर निसटला. दुसरं सांगणार काय? पाय मांडीपासून काढावा लागला. रोजंदारीवरच्याला खात्यानं फळं पाठवली. महिनाअखेर ठार निवृत्त झाला, धडधाकट, आणि तिघं गाड्या दुरुस्तीच्या दुकानामागं एका खोलीत राहायला गेली.

पहिल्याच दिवशी सून त्याच्या समोर येऊन बसली. आबा ओठ वाचतात हे नवऱ्यानं तिला सांगितलं होतं.

"दोर सुटला की सोडला?"

"सोडला."

"कठड्याशी मी काय म्हणाले ते दिसलं होतं तुम्हाला?"

"दिसलं होतं."

"मग सकाळी दारात मला का नाही सांगितलं? खात्यात गेले असते, पाय धरले असते कुणाचे, काहीही केलं असतं. तुम्हाला त्याला वर न्यायचंच होतं. हो की नाही?" तिनं पोटावर हात ठेवला. "माझं काय चुकलं, आबा? मी नाही म्हणाले होते ना? मग मला का ही शिक्षा?"

ठार तिच्या ओठांकडं बघत राहिला. भाजीतलं मीठ कमीजास्त झालं की ज्याच्याकडं ढीगभर बोलणं असायचं, त्यानं आज पाण्याचं भांडं तिच्यापुढं सरकवलं.

आता पोर झालंय. मुलगा खाटेवर बसून भिंतीशी भांडतो. खिडकीचं काम सुटलेली सून घर सोडून कुठं जाणार? घर चालतं ते ठारच्या पेन्शनीवर, आणि पेन्शन आहे ती ठार आहे तोवर. ज्या घराला तो मेलेला हवा होता त्याच घराला तो आता जिवंत हवा आहे. नुसता जिवंत. त्याला ताप आला की मुलाच्या तोंडचं पाणी पळतं. त्याला शिंक आली तर खिडकी बंद होते. सून अळणी भात कालवते, त्याला आवडत नाही, तरी तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला की नाही ते बघत समोर उभी राहते. गोळी जिभेवर ठेवते. "आ करा" म्हणते, आणि गिळली की नाही ते बोटानं गाल ताणून तपासते. मग त्याच्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक अक्षर ओठांवर सावकाश मांडून सांगते, "मरायचं नाही हं, आबा."

पुढचं ती पाठ फिरवून बोलते.