न दिलेली दुवा

ओस्मोनकुल आजोबांनी आयुष्यात तीनच माणसांना दुवा नाकारली होती, आणि त्यातला शेवटचा म्हणजे कुबात. गावातले सगळ्यात मानाचे म्हातारे तेच, त्यामुळे लग्न असो, बारसं असो की नवं घर, हाताचे तळवे उघडून त्यांनी चार शब्द बोलल्याशिवाय पान हलत नसे. गावच्या परिषदेला उभा राहतोय म्हणून कुबात मधाचा डबा घेऊन आला, तेव्हा आजोबांनी त्याला चहा पाजला, पाव खाऊ घातला आणि मधाच्या डब्यासकट परत पाठवला. हा निवडून आला की वरचं सारी-बुलाकचं कुरण सोन्याच्या खाणीला गेलंच म्हणून समजा. मग मेंढ्या काय डोक्यावर चारायच्या? त्याच्या विरोधात शाळेतली रसायनाची बाई आसिलकान उभी होती. परिषदेत दोन्हीकडची माणसं सारखी, आणि कुरणाचा निकाल याच एका जागेवर अडलेला.

मतदान रविवारी होतं. गुरुवारी सकाळी शेजारचा जापार कुंपणावरून ओरडला, "काय आजोबा, शेवटी विरघळलात म्हणायचे!"

"विरघळायला मी काय खडीसाखर आहे? काय झालं ते बोल."

जापारने फोन पुढे धरला. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी आवाज टाकला होता. "कुबात, पोरा, तुझी वाट मोकळी होवो. तुझ्या चुलीचा धूर कधी थांबू नये. माझा भाऊ एसेन वरून बघतोय, त्याचाही हात तुझ्या डोक्यावर राहो. ओमिन." मधे खोकला, खोकल्यानंतर घसा खाकरायची ती जुनी खोड. फोनमधल्या त्या मेल्या आवाजाने काही म्हणता काही सोडलं नव्हतं.

आजोबांच्या अंगावर काटा आला. "हे मी बोललो नाही."

"आवाज तर तुमचाच आहे."

"आवाज माझाच आहे रे. बोलणं माझं नाही!"

दुपारी आसिलकान धावत आली. "आजोबा, हे एआयचं काम आहे. गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात लोक तुमची दुवा फोनवर रेकॉर्ड करून घेतायत. तेवढ्यावरून यंत्र तुमच्या आवाजात हवं ते बोलू शकतं. उद्या तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे विषय संपला."

बाई शिकलेली, पण लग्न होऊन शहरातून आलेली; गावच्या रीती तिला काय ठाऊक? शुक्रवारची नमाज सुटल्यावर आजोबा मशिदीच्या पायरीवर उभे राहिले आणि छाती भरून म्हणाले, "ऐका रे! कुबातला माझी दुवा नाही!"

रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने कडेवरचं मूल छातीशी घट्ट धरलं. या गावात दिलेली दुवा कुणी परत घेत नाही. आजोबांच्या तरुणपणी एका म्हाताऱ्याने घेतली होती, आणि त्याच हिवाळ्यात दरड कोसळून चार घरं गाडली गेली. ते आजोबांना ठाऊक नव्हतं थोडंच? पण न दिलेली दुवा आणि परत घेतलेली दुवा यात लोक गल्लत करतील, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"आजोबा," जापार हळूच म्हणाला, "दिली नाही म्हणताय, की परत घेतली म्हणताय?"

"दिलीच नाही! यंत्र बोललं ते!"

"यंत्राला एसेनकाकांचं नाव कुठून कळलं?"

"अरे, प्रत्येक दुवेत मी ते घेतो, गाढवा!"

"तेच म्हणतोय मी," जापार म्हणाला आणि नजर चुकवून चालू लागला.

घरी म्हातारी बुरुल चहाचा वाडगा पुढे करत म्हणाली, "अहो, रागावू नका. पण विसरला तर नाहीत ना? परवा चष्मा बादलीत सापडला तुमचा."

त्या शब्दांनी आजोबा मोडले. ते कोपऱ्यात जाऊन बसले आणि मनातल्या मनात दिवस आठवू लागले. मंगळवारी कोण आलं होतं? बुधवारी आपण काय बोललो? खरंच बोललो तर नसू?

रविवारी मतदानाच्या यंत्राने त्यांचं बोट ओळखलं, चेहरा ओळखला. रांगेतल्या माणसांनी मात्र त्यांना वाट देताना अंग चोरलं. आसिलकानला एकशे अकरा मतं पडली आणि कुबातला चारशेच्या वर. संध्याकाळी ती आली आणि म्हणाली, "लोक घाबरले, आजोबा. तुमची परत घेतलेली दुवा गावावर उलटू नये, म्हणून माझी माणसंसुद्धा त्याला मतं देऊन आली." आजोबा तिच्याकडे बघूच शकले नाहीत. कुरण आपल्याच तोंडाने गेलं, हे त्यांना कळून चुकलं होतं.

पुढच्या आठवड्यात कुबातने गावजेवण घातलं. आजोबांना जायचं नव्हतं, पण बुरुल ऐकेना. "आणखी वैर कशाला?" भर दुपारी अंगणात सारं गाव बसलं होतं. मेंढीचं मानाचं डोकं रीतीप्रमाणे आजोबांसमोर ठेवलं गेलं. आता ते हात उघडणार म्हणून सगळे थांबले. आजोबांनी हात मांडीखाली दाबून धरले.

कुबात हसला. "आजोबांचा घसा बसलाय. हरकत नाही, सोय केली आहे." त्याने फोन ताटाजवळ ठेवला.

फोनमधून ओस्मोनकुल बोलू लागले. आजच्या जेवणावर बोलले, मेंढीवर बोलले, नव्या खाणीत राबणाऱ्या हातांवर बोलले. समोर बसलेल्या ओस्मोनकुलचे ओठ मिटलेले होते, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. 'आता तरी कळलं ना?' अशा नजरेने आजोबांनी जापारकडे पाहिलं. जापारला कळलं. त्याचा चेहरा उतरला, त्याने आजूबाजूला पाहिलं, आणि मग सगळ्यांसारखे आपलेही तळवे उघडले.

"आणि माझी बुरुल," आवाज म्हणाला, "जिने बावन्न वर्षं माझ्या चुलीची आग विझू दिली नाही, तिचे उपकार मी जन्मभर फेडू शकणार नाही. ओमिन."

"ओमिन," सारं अंगण म्हणालं.

बुरुलने तळवे चेहऱ्यावरून फिरवले. तिचे डोळे भरून आले होते. "अहो," ती पुटपुटली, "असं एकदा तरी तुम्ही म्हणाला होतात का मला?"

आजोबा तिच्याकडे वळले. ती फोनकडे बघत होती.