काळोख फार गोड दिसला तेव्हा

"काळोख फार गोड दिसायला लागला, की आधी खात्रीची काच बघायची," सायराकान एजे मला पुसता पुसता म्हणायची. मी मनात म्हणायचे, म्हातारीला माझं कौतुक बघवत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी सूक्ष्मदर्शक दुर्बीण आहे; आकाशातलं नव्हे, काचेवरचं बारीक बघणारी. नारिनच्या डोंगरांत, क्षयाच्या एका लहानशा दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. इथे खोकणाऱ्याची थुंकी काचेवर पसरून पिवळ्या रंगात भिजवतात. माझ्या निळ्या उजेडात क्षयाचे जंतू हिरव्या काड्यांसारखे चमकतात. पण बाकीचा कचराही उजळतो. म्हणून शेवटी काचेवर जांभळं औषध ओततात, म्हणजे मागचा पडदा काळा होतो. ते दोन मिनिटांत धुवायचं. जास्त राहिलं तर काड्याही विझतात. यासाठीच एजे, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतली सगळ्यांत जुनी बाई, सगळ्यांची थोरली ताई, जंतू नक्की असलेली एक खात्रीची काच रोज बाकीच्यांबरोबर रंगवायची. ती चमकली तरच इतरांवर विश्वास.

नवी आलेली बेगायिम हसायची. "एजे, त्या काचेचं लोणचं घालायचंय का?" पुढे एजे गुडघ्याच्या उपचारांसाठी रजेवर गेली आणि ती काच बंद झाली. मला बरंच वाटलं.

त्या वसंतात गुलझिना तपासणीला आली. सोबत सासू, आणि सासूच्या कडेवर सहा महिन्यांची उमाय. बेगायिमनं गुलझिनाच्या काचेवर जांभळं औषध ओतलं, तेवढ्यात झाडूवाल्या कान्यकेय आपा दारात आल्या, हातात गरम नान.

"नातू झाला गं मला! चल, नान मोड."

"आपा, काचेवर औषध आहे."

"औषधाला काय पाय फुटलेत? पुढे केलेल्या नानाकडे पाठ फिरवतेस? माझ्या नातवाच्या नावाचं आहे!"

आमच्याकडे पुढे आलेलं नान कुणी नाकारत नाही. बेगायिम गेली. नानामागून लोणी आलं, लोण्यामागून चहा. काच पंधरा मिनिटं जांभळ्यात राहिली.

मग ती माझ्याखाली आली. काय तो काळोख! "किती स्वच्छ दिसतंय," बेगायिम म्हणाली आणि मी फुशारले. कडेला दोन-तीन फिकट रेघा मला जाणवल्या होत्या. मी त्या काळोखातच राहू दिल्या.

'जंतू नाहीत' असा कागद मिळाल्यावर गुलझिनानं सासूकडून लेक ओढूनच घेतली. "महिनाभर लांब ठेवलं हिला. आज पोटाशी घेऊन झोपणार." दुसऱ्या दिवशी घरचे सगळे मेंढ्या घेऊन उन्हाळी कुरणावर गेले.

शरदात नवऱ्यानं गुलझिनाला घोड्यावरून उचलून आत आणलं. रजेवरून परतलेल्या एजेनं पेटीतली गुलझिनाची वसंतातली तीच काच काढली, पुन्हा रंगवली, घड्याळ लावून दोन मिनिटांत धुतली. हिरव्या काड्या इतक्या, की मोजता येईनात. बेगायिम तोंडाला ओढणी लावून रडली. एजेनं कापड घेतलं. मला नेहमीसारखं पुसलं फक्त, आणि तेच मला फार लागलं.

आता खात्रीची काच रोज येते. गुलझिना औषधं घेतेय, चार पावलं चालतेही. पण उमाय अजून आजीपाशी वरच्या हिवाळी घरात आहे. खिंडीत बर्फ पडलंय, तिला तपासायला कुणी आणलेलं नाही.

मित्रांनो, मला चालता येत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या वाटेनं जाणार असेल, तर तेवढं दार ठोठावा. उमाय खोकते का, बाळसं धरतेय का, बघा. आजी म्हणेल, साधी सर्दी आहे. तरी उमायला खाली घेऊन या.