तांड्यांपुढचं शून्य

तिसरा लेख टपालात टाकायचा तेवढा राहिला होता, आणि डॉक्टर नीळकंठ पुन्हा आर्णीच्या बसमध्ये बसले होते ते एका शून्यापायी. सत्तावन्न सालच्या फ्लूनं अर्धा जिल्हा अंथरुणाला खिळवला. ताप उतरला, खोकला गेला. पण त्यानंतर कुणाला झटके येऊ लागले, कुणाचा हात कापू लागला, कुणी बसल्या जागी तासन्‌तास झोपू लागलं. तीन वर्षं डॉक्टर त्या माणसांच्या नोंदी घेत गावोगाव फिरत होते. दोन लेख छापून आले. तिसरा आला की नागपूरला बदली, आणि ही पायपीट एकदाची संपणार! जीव अगदी विटला होता हो त्यांचा.

पण मासिकाच्या संपादकानं पत्रात विचारलं होतं, गावांत शंभरात सात जणांना त्रास आणि बंजाऱ्यांच्या चार तांड्यांत एकालाही नाही, हे कसं? बंजारे काटक असतात, असं डॉक्टरांनी दुसऱ्या लेखात ठोकून दिलं होतं. त्याच लेखावरून झटक्यांच्या गोळ्या गावांना मंजूर झाल्या, तांड्यांना नाही.

पहिल्या तांड्याचे नायक खेमसिंग नेहमीसारखे बाजेवर बसले होते. परका माणूस आला की तांड्यातर्फे नायकानंच बोलायचं, अशी तिथली रीत. डॉक्टरांनी वही उघडली.

"देवसिंग?"

"बरा हाये."

"बिजलीबाई?"

"बरी हाये जी."

"पूनमसिंग?"

"बरा हाये."

"काय बरा हाये?" मागून नायकाची बायको जमनाबाई कडाडली. "त्याले जाऊन सा महिने झाले ना!"

डॉक्टरांनी वहीतलं 'बरा' खोडलं. "नायक, मेलेला माणूस बरा कसा?"

खेमसिंग ओशाळले. "सायेब, माह्या बापाच्या येळी निजामाच्या हद्दीत आमाले चोर समजून पोलीस अशीच वही घेऊन येत. नावं वाचत. 'हाये, बरा हाये' म्हणलं का चालले जात. नाही म्हणलं, का कुठी गेला, कायले गेला, अन् धा जणांले चौकीत. बापानं मले तेच शिकवलं. तुमची वही पाह्यली, मले वाटलं हजेरीच हाये."

"तीन वर्षं?"

"तुमी तरी कधी दुसऱ्या कोणाले इचारलं?"

आता बोला! डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. बाजेवर बसायचं, चहा प्यायचा, नावं वाचायची आणि दुपारची बस गाठायची. तांडा अर्ध्या तासात उरकतो याचं त्यांना बरंच वाटायचं. राग आला तो स्वतःचाच, आणि रागवायचंही त्राण नव्हतं.

जमनाबाईनं त्यांना झोपडीत नेलं. नऊ वर्षांची बिजलीबाई, तिची नात, खांबाजवळ बसली होती. जुन्या लुगड्याच्या पट्टीनं तिचा पाय खांबाला बांधला होता. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला.

"तापातून उठली अन् महिन्यात झटके सुरू झाले. एकदा चुलीतच पडली. तवापासून वावरात जातानी बांधून जातो."

डॉक्टरांच्या पिशवीत बारा गोळ्या होत्या, जेमतेम बारा दिवसांच्या. त्या त्यांनी दिल्या, कशा द्यायच्या ते दोनदा सांगितलं. मग ते दारोदार गेले आणि ज्याचं त्यालाच विचारू लागले. दिवस मावळेपर्यंत त्या एका तांड्यात आठ माणसं निघाली. अजून तीन तांडे बाकी होते. बदलीचं विसरलेलं बरं. छापलेल्या लेखांतले तांड्यांचे आकडे खोटे आहेत आणि चूक माझी आहे, असं आता सहीनिशी लिहून द्यायचं होतं.

निघताना झोपडीच्या दारात खेमसिंगांनी विचारलं, "आता लिवलं ना वहीत? मंग गोळ्या कधी येतीन?"

लवकरच, असं डॉक्टरांच्या अगदी तोंडावर आलं होतं. पण या तांड्यात तेवढं खोटं पुरे झालं होतं.

"आधी माझी चूक छापून यावी लागेल. मग मंजुरी. दिवाळी तरी उजाडेल."

"मंग तोवर बांधूनच ठेवा लागते," जमनाबाई म्हणाली. खांबापाशी बसली आणि पोरीला काचत तर नाही ना, म्हणून तिनं पट्टीखाली बोट घालून पाहिलं.