हिरवी वायर

गाडी गेटातून आत आली तेव्हा तिचा आवाजच नाही. शेजारची रुक्मा म्हणाली, "ठकूबाई, चालू आहे का धक्का मारून आणली?"

"तुझ्या नवऱ्याच्या स्कूटरीसारखी खोकत नाही, म्हणून तुले बंद वाटते," मी म्हटलं. रुक्मानं पेढा उचलला अन् घरी गेली.

विजेची गाडी. भिलाई-3 च्या आमच्या कॉलनीतली पहिली. माझा कमलेश रोज रायपूरले नोकरीवर जाते, अन् पेट्रोलात पगार जळून राहिला होता. गाडीबरोबर भिंतीवर लावायचा चार्जर फुकट भेटला, अन् तो लागेपर्यंत घरच्या मोठ्या प्लगात खुपसायची एक केबल. कमलेशनं केबल व्हरांड्यातल्या प्लगात लावली. लाल दिवा लागला. काढून पुन्हा लावली. पुन्हा लाल.

माझी सून नीतू दारात उभी होती. तिचे डोळे त्या लाल दिव्यावरून हलेनात. मी म्हटलं, "ओवाळायची आहे का गाडी? जा, कुकर पाहा."

दुसऱ्या दिवशी लहानूले बोलावलं. पावर हाउस भागातल्या बाजारात त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. कमलेशचे बाबा भिलाईच्या स्टील प्लांटात इलेक्ट्रिशियन होते, लहानू त्यांच्याच हाताखाली शिकला. त्यानं घर फिरून पाहिलं, प्लगात मीटरच्या सुया घातल्या, अन् बाजेवर बसून कागदावर लिहिलं.

"भाभी, घराचा लोड तीन किलोवॅट आहे. चार्जरसाठी वाढवावा लागेल, त्याचे नऊ हजार. मीटर मागच्या भिंतीले, गाडी समोर, मधात जाडी वायर, अकरा हजार. स्विचाचा डबा चार. अन् जमिनीत अर्थिंगचा रॉड, सात."

"एकतीस," मी म्हटलं. दुसरीत शाळा सुटली माझी, पण बेरीज सुटली नाही. "फुकटचा चार्जर एकतीस हजारांत पडला."

कमलेश म्हणाला, "काका, अर्थिंग कायले? घराले असेल ना."

लहानूनं त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "ह्या घरात अर्थिंग नाहीच भाभी. प्लगाचं तिसरं भोक रिकामं आहे. म्हणून लाल दिवा. गाडी शहाणी आहे, अर्थिंग नसली तर करंट घेतच नाही. माणूस घेते."

"ह्या घराची वायरिंग त्यांनी स्वतः केली आहे, लहानू. तीस वर्षं प्लांटातल्या मोटारी सांभाळल्या त्यांनी."

"दादांनी शिकवलं, म्हणूनच मले समजून राहिलं, भाभी."

तेव्हा नीतू म्हणाली, "लहानूकाका, जाता जाता मागची कपड्याची मशीन पाहता का?"

आता मशीनीचं सांगावं लागते.

आम्ही प्लांटच्या सेक्टर 2 मधल्या क्वार्टरात सव्वीस वर्षं काढली. तिथं विजेचे पैसे नावाले होते, म्हणून आम्ही सगळ्या बाया हिटरवर रांधत होतो. जमिनीवर उघड्या तारेचा हिटर, त्याच्यावर जर्मनचं पातेलं, भाजीत चमचा घातला की हात झिणझिणे. त्याच्यावर उपाय एकच, लाकडी पाटावर बसायचं. नवीन सून आली की पहिल्या दिवशी सासू तिले पाट देई. माझ्या सासूनं मले सागवानाचा दिला. करंट लागला म्हणून कोणाची पोरगी माहेरी रडत गेली, असं मी त्या सव्वीस वर्षांत ऐकलं नाही.

मग इथं प्लॉट घेऊन घर बांधलं. शेवटाले थोडेच पैसे उरले. कमलेशचे बाबा म्हणाले, "अर्थिंगचा खड्डा खोदून तांब्याची प्लेट टाकतो." मी म्हटलं, "जमिनीत गाडलेली प्लेट कोणाले दिसणार आहे? गेट करा." तेवढ्या पैशात लोखंडाचं मोठं गेट झालं, वर स्टीलच्या अक्षरांत त्यांचं नाव. अजूनबी चकाकते. पुढं कपड्याची मशीन आली तेव्हा ते मले एवढंच म्हणाले, "रबरी चप्पल घातल्याशिवाय हिले हात लावू नको." तेव्हापासून घरातबी माझ्या पायात रबरी चप्पल असते. कोणी विचारलं तर टाच दुखते.

ते गेले. दोन वर्षांनी नीतू आली. तिले मी पाट दिला नाही. महिना झाला नाही तर म्हणे, "आई, मशीन करंट मारते."

"कामाले हात लावला की तुले करंटच लागते," मी म्हटलं.

तिनं बाजारातून रबरी चप्पल आणली. मी ती उचलून गेटाबाहेर ठेवली. स्वयंपाकघरापाशी सुनेनं चपला घालून फिरायचं नाही. मग ती लाटण्यानं बटन दाबू लागली. मी बायांना बोलावून दाखवलं, "पाहा, आमची सून मशीनीवर पोळ्या लाटते." चार दिवस कॉलनी हसून राहिली होती. नीतूनं तुमसरले बापाले फोन केला.

तिचा बाप भैयालाल तिथल्या राइस मिलमध्ये मुनीम आहे. गरीब, सरळ माणूस. आला, अन् उंबऱ्यापाशी चप्पल काढू लागला. जाड टायरसोलाची चप्पल होती. मी म्हटलं, "राहू द्या भैयालालजी. मागं फरशी ओली आहे, घसराल." मागं नेलं, मशीन चालू केली, अन् म्हटलं, "ठेवा हात."

त्यानं एक हात ठेवला. मग दोन्ही ठेवले.

"काही नाही," तो म्हणाला. पोरीकडे पाहत नव्हता. "नीतू, सासूची माफी माग."

तिनं वाकून माझ्या पायाले हात लावला. तिची बोटं माझ्या चपलेच्या रबरावर टेकली होती. रुक्मा अन् आणखी दोघी समोर बसल्या होत्या. मी म्हटलं, "तोंडानं बोल." ती म्हणाली, "मी खोटं बोलली." भैयालाल न जेवता गेला, अन् त्याच्यानंतर तीन वर्षं त्यानं ह्या घरात पाय टाकला नाही. पोरीशी फोनवरबी 'बरं आहे ना' याच्यापुढं बोलत नाही.

मले माहीत होतं का, असं कोणी विचारलं तर सांगते. माहीत होतं. पण सुनेपुढं एकदा मान खाली घातली की घर हातून जाते.

तर त्या दिवशी लहानूनं मशीन चालू केली, एक सुई तिच्या पत्र्याले लावली, दुसरी ओल्या फरशीले.

"एकशे दहा व्होल्ट," तो म्हणाला.

"हाताले लागते का तेवढ्यानं?" नीतूनं विचारलं.

"अनवाणी, ओल्या फरशीवर? लागणारच बेटा. तू कशी काय धुत होतीस?"

नीतू माझ्याकडे वळली. मले वाटलं आता ओरडेल, अन् ओरडली असती तर मले सोपं गेलं असतं. ती हळूच म्हणाली, "आई, मले काही नको. माझ्या बाबाले एक फोन करा. सांगा की नीतू खरं बोलली होती. बस."

"काय सांगू? मेलेल्या माणसानं काम कच्चं केलं, म्हणून?" मी म्हटलं. "माझ्या तोंडून ते निघायचं नाही."

गेटाचं मी कोणाले सांगितलेलं नाही.

लहानूले अवघडल्यासारखं झालं. टेस्टर खिशात घालता घालता तो म्हणाला, "भाभी, गाडीसाठी रॉड तर गाडायचाच आहे. त्याच रॉडावरून मशीनीपर्यंत एक हिरवी वायर ओढतो. बाराशे रुपये. अर्ध्या दिवसाचं काम."

"नाही."

"आई, बाराशेच तर आहेत," कमलेश म्हणाला.

"ऐक. मीटर माझ्या नावावर आहे, लोड वाढवायच्या कागदावर सही माझी लागते. एकतीस हजार माझ्या एफडीचे. गाडीचं काम होईल ते गाडीपुरतं. हिरवी वायर घरात आली तर मी सही करत नाही. मग ने तुझी गाडी रोज बैल जुंपून."

कमलेशनं बायकोकडे पाहिलं, मग गाडीकडे. सात वर्षांचे हप्ते आहेत गाडीचे. "नीतू, अभी गाडी तो चालू होऊ दे ना," तो म्हणाला. "घर का बाद में देखते."

नीतूनं त्याच्याकडे नासलेल्या दुधाकडे पाहावं तसं पाहिलं अन् आत गेली. मी सही केली. माझ्या सहीले वेळ लागते, चारी अक्षरं सुटी सुटी काढते. लहानू खाली मान घालून थांबला होता.

लोडचा कागद पास व्हायले पंधरा दिवस लागले. मग गेटाच्या खांबापाशी खड्डा झाला, रॉड गेला, डबा लागला, अन् गाडीनं हिरवा दिवा दाखवला. मी कॉलनीत जिलेबी वाटली. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी टाकत जा, असं लहानू सांगून गेला होता. ते काम मी नीतूले लावलं. रोज सकाळी एक बादली. ती गुमान टाके. गाडीच्या अर्थिंगले पाणी घालायची, अन् तशीच मागं येऊन लाटण्यानं मशीनीचं बटन दाबायची. मी पाहत होती. मले वाटलं, जिरली.

रविवारी सकाळी गेट वाजलं. बाहेर भैयालाल. तीन वर्षांत निम्मा झाला होता, हातात तांदळाची पिशवी.

"नीतूनं बोलावलं," तो म्हणाला. "काम काय ते सांगितलं नाही."

उंबऱ्यापाशी तो थबकला. मी तोंड उघडलं, पण नीतू आधी बोलली.

"चप्पल काढा बाबा."

तिनं त्याले मागं नेलं. फरशीवर तिनं आधीच बादली ओतून ठेवली होती. मशीन चालू होती. कमलेश दात घासत होता, तो ब्रश तोंडात तसाच धरून उभा राहिला. मी म्हटलं, "नीतू, म्हातारा माणूस आहे तो." आपल्या तोंडून निघालेल्याचं मलेच नवल वाटलं.

"त्या दिवशीबी होता," ती म्हणाली. "ठेवा हात, बाबा."

तिच्या आवाजात असं काही होतं, की त्यानं कायले म्हणून विचारलं नाही. हात ठेवला.

हात झटकून मागं आला, खांदा भिंतीवर आदळला, चष्मा पाण्यात पडला. त्याचा जबडा थरथरत होता. कमलेश धावला तर नीतूनं त्याले अडवलं. स्वतःबी बापाले धरलं नाही. तो आपोआप सावरेपर्यंत उभी राहिली, डोळे कोरडे.

"किती वेळा लागलं तुले?" भैयालालनं विचारलं.

"रोज, बाबा."

तो खाली पाहू लागला. मले वाटलं चष्मा शोधून राहिला. तो माझे पाय पाहत होता.

"विहीणबाई, त्या दिवशी तुम्ही मले चप्पल काढू नाही दिली."

"पाहुणा घसरू नये म्हणून म्हटलं. तेबी वाईट झालं का?"

तो त्या ओल्या फरशीवर वाकला अन् पोरीच्या पायाले दोन्ही हात लावले. "माफी दे मले," म्हणाला. कमलेश बेसिनवर जाऊन चूळ भरू लागला, किती वेळ भरतच होता. भैयालाल उठला, "चल घरी," म्हणाला.

"नाही बाबा. मी आता गेली तर इथं पुन्हा मीच खोटी होईन. तुम्ही चहा घ्या."

त्यानं चहा घेतला. कप स्वतः धुवून ठेवला अन् दुपारच्या गाडीनं गेला.

दुसऱ्या दिवशी कचरागाडी आली तेव्हा मी अंघोळीत होती. बाहेर येऊन पाहते तर दाराशी माझी रबरी चप्पल नाही. नीतू गेट लावून परत येत होती.

"चप्पल?"

"गेली कचऱ्यात. घरात चपला घालत नाहीत ना आपल्याकडे."

"नवीन आणीन मी. बाजार काही उठला नाही."

"आणा. मग रुक्मामावशीले मी सांगीन, तुमची टाच कायची दुखते ते." आवाज चढवला नाही तिनं. माझ्याच घरात माझ्याशी हिशोबानं बोलून राहिली होती. "कपडे आजपासून तुम्ही धुवा. मशीनीले मी हात लावत नाही, अन् कमलेशनं लावला तर मी माहेरी. फ्रिजवर लहानूकाकाचा नंबर लिहिला आहे. हिरवी वायर बाराशेतच होते. पण पहिला फोन माझ्या बाबाले करायचा, अन् सगळं सांगायचं. मग लहानूकाकाले."

"त्या फोनची वाट पाहत म्हातारी होशील."

"होईन," ती म्हणाली.

मग माळ्यावर चढली अन् माझा सागवानाचा पाट घेऊन उतरली. त्याच्यावरची धूळ पदरानं पुसली, मशीनीसमोर ओल्या फरशीवर ठेवला.

"घ्या. सेक्टरात सासू देत होती म्हणे. मले कोणी दिला नाही, म्हणून मीच देते."

एक महिना झाला. फोन मी केला नाही. रोज सकाळी पाटावर चढते. त्याचा एक पाय झिजला आहे, डुगडुगते. एका हातानं खिडकीचं लाकूड धरते अन् दुसऱ्यानं बटन दाबते. घराच्या बाजूच्या बोळातून समोरचं गेट दिसते, तिथं गाडी हिरवा दिवा लावून उभी असते, अन् नीतू तिच्या खड्ड्यात बादली ओतून तिथूनच माझ्याकडे पाहते.

काल रुक्मा मागच्या भिंतीवरून डोकावली. "ठकूबाई, पाटावर चढून मशीनीची पूजा करून राहिल्या का?"

नीतूची बादली हवेतच थांबली. ती मी काय बोलते ते ऐकत होती.

"टाच दुखते," मी म्हटलं.