मुळाचा प्रश्न

मला घाई असते. अम्मी म्हणते, तू आठव्या महिन्यातच जन्माला आलीस, तेव्हापासून तुझा पाय एका जागी ठरत नाही. फळ्यावर लिहिताना माझं शेवटचं अक्षर नेहमी अर्धवट राहतं, आणि आठवी ब ची मुलं ते आपल्या मनानं पुरं करून वहीत उतरवतात. दोन हजार चार साली भोरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून मला सहा वर्षं झाली होती, म्हणजे मुलांच्या सहा तुकड्या माझी अर्धी अक्षरं घेऊन पुढं सरकल्या होत्या.

त्या वर्षी ऑगस्टात आठवीची सहल वरंधा घाटाच्या अलीकडे नेली. एसटीनं जायचं, दोन तास डोंगरात फिरायचं आणि परतीची गाडी चुकवायची नाही. त्या दोन तासांत पंचेचाळीस मुलांनी मला इतकं विचारलं की निम्म्याची उत्तरं मला येत नव्हती आणि उरलेली द्यायला वेळ नव्हता. खेकड्याचे डोळे असे बाहेर का? शेवाळ दगडाच्या एकाच अंगाला का? मी आपली सगळ्यांना एकच सांगत सुटले होते, "वहीत लिहा, पुण्याला विचारू."

पुण्याला विचारायची सोय नवीन होती. तिथल्या एका संस्थेनं शाळांसाठी इंटरनेटवर प्रश्नफलक उघडला होता. आपण प्रश्न टाकायचा, खाली मुलाचं नाव, इयत्ता आणि गाव लिहायचं, आणि आठ-दहा दिवसांत कुणीतरी जाणकार त्याचं उत्तर द्यायचे. सहल दोन तासांत आटोपली तरी तिचे प्रश्न महिनाभर चालू राहतील, ही कल्पना मला फार आवडली होती. मुख्याध्यापकांशी वाद घालून मी ती गळी उतरवली. माझा धाकटा भाऊ मोहसीन एसटी स्टँडसमोर नेटकॅफे चालवायचा, त्यामुळे बाकीचं जमलं.

सुलक्षणा घाटाजवळच्या हिर्डोशी गावची. तिकडून रोज पहिल्या एसटीनं आठ मुली यायच्या, त्यांतली ही मागच्या बाकावरची, वर्गात तोंड न उघडणारी. सहलीत मात्र ती सगळ्यांच्या पुढं होती, कारण डोंगर तिचा होता. तिनं एका बारीक वेलीचं मूळ उपटलं आणि मातीसकट माझ्या नाकाशी धरलं.

"उपळसरी, बाई. पानाला वास न्हाई, मुळाला हाय. पाऊस पडला का लई येतो. आसं का?"

गोड, दाट वास होता. कारण मला माहीत नव्हतं. तेवढ्यात खाली रस्त्यावर परतीच्या गाडीच्या कंडक्टरनं घंटी मारली आणि मी म्हणाले, "लिही, लिही, पटकन लिही."

तिनं लिहिलं ते मला अजून पाठ आहे. "उपळसरीच्या पानाला वास येत नाही, पण पाऊस पडला की मुळाला वास का येतो?"

शनिवारी मी कॅफेत बसले. मोहसीनच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरांचे नुसते चौकोन उमटायचे, त्यामुळे मराठी प्रश्न इंग्रजी अक्षरांत लिहावे लागत. एकवीस प्रश्न होते.

"आपा, लाइट जायच्या आत उरक," मोहसीन मागून म्हणाला.

मी उरकलं. लांबलचक प्रश्न छाटले. उपळसरी इंग्रजी अक्षरांत कशी लिहावी यात अर्धं मिनिट गेलं, तेव्हा वैतागून तो पहिला तुकडाच काढून टाकला. राहिलं ते एवढंच: पाऊस पडला की मुळाला वास का येतो. खाली सुलक्षणाचं नाव टाकलं आणि पुढच्या प्रश्नाकडं वळले.

उत्तरं आली ती मराठीत छान टाइप केलेली, प्रश्नासकट. त्यांच्याकडं अक्षरांची सोय होती, आणि पानं चित्रासारखी पाठवल्यामुळं मोहसीनकडंही चौकोन उमटले नाहीत. मोहसीननं ती छापून दिली, मी वर्गाची मॉनिटर गुलफशा हिच्या हातात कागद दिले आणि सूचनाफलकावर लावायला सांगितलं. वाचले नाहीत. मला नववीचा तास होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात मुलांचा घोळका दिसला. एकजण म्हणायचा, "पाऊस पडला की," आणि बाकीचे नाक दाबून म्हणायचे, "वास का येतो?" मी त्यांना बाजूला सारून कागद वाचला.

"प्रश्न: पाऊस पडला की मुलाला वास का येतो? – सुलक्षणा, इयत्ता आठवी, हिर्डोशी.

उत्तर: पावसाळ्यात कपडे दमट राहतात, अंगावरचा घाम सुकत नाही आणि जिवाणूंची वाढ होऊन दुर्गंधी येते. मुलाला रोज साबण लावून आंघोळ घालावी व स्वच्छ, कोरडे कपडे घालावेत."

मला आधी हसू आलं. ते लपवण्यात अर्थ नाही. इंग्रजी अक्षरांत ळ आणि ल एकच, त्या बिचाऱ्या जाणकारानं मुळाचा मुलगा केला होता. स्टाफरूममध्ये जाऊन मी दोघींना सांगितलं, त्याही हसल्या. मग पाचव्या तासाला वर्गात गेले तेव्हा मागचं बाक रिकामं होतं, दप्तरही नव्हतं. मी कागद फाडून टाकला, वर्गाला चूक समजावून सांगितली आणि नाक दाबणाऱ्यांना बाहेर उभं केलं. जिच्यासाठी हे सगळं करायचं ती तोवर एसटीत बसली होती.

ती आलीच नाही. बुधवारी नाही, शनिवारी नाही. मी हिर्डोशीच्या दुसऱ्या मुलीकडं निरोप धाडला की बाईंनी बोलावलंय. उत्तर आलं, "येत न्हाई म्हनली." एवढंच. महिनाभर गैरहजर राहिली की पटावरून नाव कमी होतं, आणि एकदा कमी झालेली मुलगी पुन्हा येत नाही, हे मी सहा वर्षांत चारदा पाहिलं होतं. हजेरी घेताना तिच्या नावापाशी माझी जीभ अडायची. जेवताना मधेच उठून फेऱ्या मारायचे, चहा गार व्हायचा. अम्मी म्हणाली, "जाऊन ये एकदाची, नाहीतर घरातल्या फरशा झिजवशील." बारा दिवस झाले तेव्हा रविवारी मी हिर्डोशीची गाडी धरली.

तिचे वडील कुंडलिक ओटीवर विळ्याला मूठ बसवत होते. त्यांनी घोंगडी अंथरली, पाणी दिलं.

"म्या काय आडवलेली न्हाई, बाई," ते म्हणाले. "पोरगीच जात न्हाई म्हनती. गौरी-गनपती झालं का किकवीला मावशीकडं ऱ्हाईल. तिचं पोरगं बारकं हाय, तेवढंच सांबाळंल."

म्हणजे माझ्याकडं पंधरा दिवससुद्धा नव्हते. सुलक्षणा मागच्या दारातून आली, शेतातून, गुडघ्यापर्यंत चिखल. माझ्याकडं न बघता खांबाला टेकली.

"तुमी माजा प्रश्न बदलला," ती म्हणाली.

मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. हे तर सोपं होतं. मी पिशवीतून वही काढली, इंग्रजीत लिहिलं, एम यू एल ए एल ए, आणि म्हटलं, "वाच."

"मुलाला."

"आता याच अक्षरांत मुळाला लिहून दाखव."

तिनं पेन घेतलं. एम लिहिलं, यू लिहिलं, एल लिहिलं आणि थांबली. परत वरची ओळ बघितली. मग पुरं लिहिलं आणि हळूच हसली. मी घड्याळात पाहिलं, परतीच्या गाडीला वीस मिनिटं होती. काम झालं होतं.

"कळलं ना? टायपिंगची चूक. मी तुझ्याबद्दल असं कशाला विचारीन?"

"मंग त्या दिशी खिडकी का उगडाया लावली?"

मला कळेना ती कशाबद्दल बोलतेय. मग कळलं. जुलैतली गोष्ट. त्या आठ जणी निथळत वर्गात आल्या, बाकांवर बसल्या, आणि मी नाकाला ओढणी लावून म्हणाले होते, खिडक्या उघडा गं कुणीतरी. मी ते त्याच दिवशी विसरले होते.

"कोंदट झालं होतं," मी म्हणाले.

कुंडलिकांनी विळा खाली ठेवला. बाहेर पावसाची सर येऊन गेली. मला गप्प बसणं जमत नाही.

"वास आला होता," मी म्हणाले. "तुमच्या कपड्यांचा."

"धुराचा आसनार. पावसात कापडं चुलीवर वाळत्यात." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. "मला इचारलं आसतं तर मी सांगितलं आसतं, बाई. मी तितंच बसलेली की."

मला लाज वाटली. टायपिंगच्या चुकीची वाटली होती त्याहून कितीतरी जास्त, कारण ही चूक कुठल्याही अक्षरावर ढकलता येत नव्हती. पोरांना प्रश्न विचारा, प्रश्न विचारा म्हणून मी त्यांचं डोकं खात होते, आणि समोर बसलेल्या मुलीला एक साधा प्रश्न विचारायचा मला धीर झाला नव्हता.

"बाई, गाडी जाईल तुमची," कुंडलिक म्हणाले.

"जाऊ दे."

गाडी गेली. सुलक्षणाच्या आईनं, फुलाबाईंनी नाचणीची भाकरी वाढली, मी खाल्ली. सुलक्षणा चिखल धुऊन आली आणि माझ्यापासून थोडी लांब बसली.

"येशील ना?" मी विचारलं.

"उपळसरीचा प्रश्न माजा हाय. त्यो परत धाडा, आख्खा." मग जरा थांबून म्हणाली, "खिडकीचा तुमचा हाय. त्यो बी लिवा. त्याच्याखाली तुमचं नाव घाला. मंग बगू."

"सुलक्षणे," कुंडलिक दटावून म्हणाले. ती मागं हटली नाही.

संध्याकाळी दुधाच्या टेम्पोनं मी भोरला परतले. उपळसरीचा प्रश्न पुण्याला परत पाठवला, या वेळी मुळाच्या पुढं कंसात खुलासा टाकून. दुसरा पुण्याला पाठवायचा नव्हता. तो मी सोमवारी सकाळी मोठ्या कागदावर हातानं लिहिला, शेवटचं अक्षरसुद्धा पुरं काढलं, आणि सूचनाफलकावर लावला.

"प्रश्न: जुलैमध्ये भिजून आलेल्या मुलींच्या कपड्यांना वास आला म्हणून मी वर्गाच्या खिडक्या उघडायला लावल्या. तो वास कशाचा होता, हे मी त्यांना विचारलं नाही. तो कशाचा होता? – अंजुम, विज्ञान शिक्षिका, भोर."

स्टाफरूममध्ये कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, कागद काढा, शिक्षकाचा मान राहत नाही. मी म्हणाले, उत्तर आलं की काढते. मुलं कागदासमोर उभी राहायची, वाचायची आणि मी दिसले की पांगायची. सोमवार गेला, मंगळवारही गेला. मी दर तासाला काहीतरी निमित्त काढून व्हरांड्यातून चक्कर मारत होते आणि या वेळी मला हसू येत नव्हतं.

बुधवारी पहिल्या एसटीनं सुलक्षणा आली. भिजलेली होती. तिनं दप्तर पायाशी ठेवलं, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि माझ्यासमोर हात पुढं केला. मी पेन दिलं. व्हरांड्यात निम्मा वर्ग उभा होता. ती सावकाश, गोल अक्षरांत लिहीत होती, आणि मी पहिल्यांदाच कुणाला लवकर आटप म्हणाले नाही.

"उत्तर: धुराचा. पावसात कपडे उन्हात वाळत नाहीत, म्हणून चुलीवर वाळवतो. आंघोळ आम्ही रोज करतो."