भात्याचा हात

सीडीच्या कव्हराचा एक कोपरा तडकलेला होता, आणि त्या तड्याच्या बरोबर खाली मुलीचा डावा हात. मुलगी चोवीस-पंचवीसची असेल, ब्राझीलची. जॅझ पियानो वाजवणारी, आणि हा तिचा पहिलाच अल्बम. फोटोत ती पियानोकडे बघतच नव्हती, खिडकीबाहेर कुठेतरी पाहत होती. हात मात्र पट्ट्यांवर होते. दोन्ही. माणिकबाईंनी अंगठ्याने तडा पुसून पाहिला… तडा पुसला जात नाही, हे ठाऊक असूनही.

आत तौहीदची चिठ्ठी होती. ‘बाई, चौथं वाजवा. फक्त डावा हात ऐका. मंग सांगा, आचलले माह्याकडं पाठवता का.’

तौहीद त्यांचा पंचवीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. आता अकोल्यात पियानो शिकवतो. आचल आत्ताची, अकरा वर्षांची. दर शनिवारी चांदूर बाजारहून आईसोबत एसटीने येते, आणि राजापेठेतल्या या माडीवरच्या खोलीत पेटी शिकायला इतका तयार कान घेऊन आलेलं दुसरं मूल नाही, तौहीद सोडला तर. आज शनिवार. पाच वाजता तिच्या आईला उत्तर हवं होतं.

त्यांनी चौथं लावलं. उजव्या हाताची चाल साधी होती, एखाद्या बाळाला निजवताना गुणगुणावी तशी. पण डावा तिच्यामागे जात नव्हता, तो आपल्याच वाटेने चालला होता, मध्येच अडखळल्यासारखा थांबायचा, पुन्हा निघायचा, आणि थांबला म्हणून त्याला कोणी रागावत नव्हतं… मग एके ठिकाणी उजवा गप्पच झाला. नुसता डावा. त्याच्यामागे स्टूल करकरलं, ते ऐकू आलं. खाली ट्यूशन सुटली होती, स्कूटीचे हॉर्न एकात एक मिसळत होते. बाईंनी उठून खिडकी लावली आणि तेवढा तुकडा पुन्हा ऐकला.

उजवा हात गातो, डावा श्वास देतो. चाळीस वर्षं प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगितलेलं हे वाक्य. आणि डावा हात भाता सोडून पट्ट्यांकडे धावू लागला की सुती लुगड्याच्या काठाची एक मऊ पट्टी घेऊन तो भात्याला बांधायचा. सैल. दुखणार नाही असा. मुलं हसत हात पुढे करायची. काय चुकलं त्यात? काही नाही. पेटीला हवा लागते.

जानेवारीत आचलच्या शाळेचं गॅदरिंग होतं. तिथे तिने कोणाचा तरी कीबोर्ड वाजवला. उजवा हात सुरेख धावला, आणि डावा, शेजारी, हवेत, उघडत होता, मिटत होता, उघडत होता… नसलेला भाता ओढत होता. मुलं हसली. आचलला कळेना, का हसतात. समोर बसलेल्या बाईंनीही ओठ मिटून हसू आवरलं होतं. मी हसलेच होते तेव्हा. आवरलं म्हणजे काय.

त्यांनी तौहीदला फोन लावला.

“ऐकलं का, बाई?”

“ऐकून राहिली. हे पोरगी मधीच थांबते काहून?”

“आता तिचीबी परीक्षा घेता का? मार्क किती देता?” तो हसला.

“तौहीद, तुह्या हाताले म्या पट्टी बांधत होती.”

“हाव. हिरवी. माहा डावा हात विसाव्या वर्षी पैदा झाला, बाई. उजव्याचा लहान भाऊ आहे तो.”

हा विनोद त्याने आधीही केला होता, चारचौघांत, आणि बाई सगळ्यांबरोबर हसल्या होत्या.

“मंग बोलला काहून नाही?”

“तुमी बाई होत्या ना,” तो म्हणाला.

पाचला आचल आली. आई खाली भाजी घेत होती.

“आई म्हनते, आज तुमी सांगनार आहा. मले अकोल्याले पाठवता का?”

“बस आधी.”

ती पेटीपुढे बसली आणि न सांगता डावा हात भात्याकडे नेऊन तसाच धरून ठेवला. बांधून घ्यायला. बाईंच्या हातात लुगड्याची पट्टी होती. कधी उचलली, आठवेना. त्यांनी तिची घडी केली, आणखी बारीक घडी केली, आणि पेटीच्या पलीकडे, भात्याच्या बाजूला, जाऊन बसल्या.

“बाई, तुमी उलट्या बसल्या.”

“हवा मी देतो. तू वाजव. दोनी हातांनी.”

“डाव्यानं काय वाजवू?”

“मले नाही माईत.”

हे वाक्य त्या कोणत्याही मुलासमोर बोलल्या नव्हत्या. आचलला गंमत वाटली. ती हसली आणि उजव्याने ओळखीचा पलटा सुरू केला. डावा मांडीवर पडून होता, उघडत, मिटत. बाई त्याच्याच गतीने भाता ओढत राहिल्या. मग तो थांबला. हळूच वर आला. एक बोट खर्जाच्या पट्ट्यांवरून फिरलं, सा ओलांडून गेलं, भलत्याच पट्टीवर टेकलं. ‘चुकलं’ हा शब्द बाईंच्या जिभेवर आला आणि तिथेच राहिला.

आता कोणता सूर येणार, किती हवा लागणार… काहीच ठाऊक नव्हतं. जिन्यावर आईच्या चपला वाजू लागल्या. बाईंचा हात भाता ओढत होता, थोडा जास्तच; न जाणो, हवा कमी पडायची.