चंद्राची पाठ

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. पुतळे घडवण्याचा सासऱ्यांचा कारखाना आता दोघीच चालवत. संग्रहालयाने प्लास्टरचा पुरुषभर उंचीचा चंद्र करायला सांगितला, तेव्हा थोरलीने नेहमीप्रमाणे दर्शनी बाजू स्वतःकडे घेतली. पृथ्वीवरून कधीच न दिसणारी मागची बाजू धाकटीला आली. पुतळ्यांच्या पाठी, घोड्यांची पोटं तिच्याच गळ्यात पडायची. यानांनी काढलेले फोटो समोर लावून तिने एकेक विवर कोरलं. थोरलीने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

चंद्र दालनात उंचावर टांगला, मागची बाजू भिंतीकडे करून. उद्घाटन तोंडावर आलं असताना फोटो आवरताना एक फोटो धाकटीच्या हातात खालची बाजू वर असा उलटा आला आणि ती तो निरखून बघू लागली. एका मोठ्या विवराच्या काठावर तिने टेकडी उभारली होती. ती टेकडी नव्हतीच. उल्का आदळून पडलेला लहानसा खड्डा होता. फोटोत उजेड खालून पडलेला, म्हणून तो फुगीर दिसला आणि ती फसली.

थोरली म्हणाली, मरू दे, कोण बघतंय. संग्रहालयाच्या व्यवस्थापकाचंही तेच म्हणणं. धाकटी मात्र शिडी घेऊन आली. पण चंद्र आणि भिंत यांच्यातली जागा चिंचोळी, धाकटी अंगाने भरलेली. ती मध्येच अडकली. शेवटी काडीसारखी थोरली कुरकुरत वर चढली.

वर गेल्यावर तिची कुरकुर थांबली.

"किती विवरं आहेत गं इथे," ती म्हणाली. "माझ्या बाजूला निम्मीसुद्धा नाहीत. एकटीने केलंस?"

"दुसरं कोण होतं?"

मग खड्डा किती खोल हवा, काठ कसा हवा, हे थोरलीने वरूनच विचारून घेतलं आणि धाकटी सांगेल तसं कोरलं. उतरली तेव्हा केसांत पांढरी भुकटी होती. तशीच ती व्यवस्थापकाकडे गेली आणि चंद्र दालनाच्या मधोमध टांगा, नाहीतर परत नेते, असं बजावून आली.

धाकटी संकोचली. "माझं काम होतं, जाऊबाई. मीच भांडले असते."

"इतकी वर्षं कुठे भांडलीस?" थोरली म्हणाली.

व्यवस्थापकाने कपाळाला आठ्या घालत चंद्र टांगलेली कडी मधोमध हलवली. उद्घाटनाला गर्दी पुढच्याच बाजूला झाली. काही जण मात्र वळसा घालून मागे आले, आणि हाही चंद्रच का, असं विचारू लागले. धाकटी त्यांना सांगत उभी राहिली. त्या खड्ड्याबद्दल कुणीच विचारलं नाही, पण तो आता बरोबर होता.